दहापैकी किती

अप्पा, तुम्हाला पत्र लिहायचं मी कॉलेजात असतानाच सोडून दिलं होतं. लातूरला फिजिओथेरपी शिकायला आले त्या पहिल्या महिन्यात चार पानं भरून लिहिली होती. हॉस्टेलचं जेवण, खोलीतल्या मुली, शरीररचनेच्या तासाला डोळ्यांत झोंबणारा औषधाचा वास, सगळं. आठ दिवसांनी ती चार पानं लाल शाईनं तपासून परत आली. चुकलेल्या वेलांट्यांखाली रेघा, समासात 'वाक्य लांबले' असा शेरा, आणि शेवटी गोलात दहापैकी सहा. त्याखाली एकच ओळ, 'प्रकृतीस जपणे.' मी इतकी चिडले की त्यानंतर कधी पत्र लिहिलं नाही. रविवारी आपल्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावायचा आणि तुम्ही चपला घालून येईपर्यंत रिसीव्हर कानाला लावून उभं राहायचं, एवढंच ठेवलं. आता तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तपासायला कोणी नाही, तेव्हा कुठे लिहायला बसले आहे. दुपारचा एक वाजून गेलाय. चारपर्यंत दवाखाना बंद असतो, नांदेडच्या या उन्हात पेशंट येतही नाहीत. मंगळवारी एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. ती सांगायची आहे, पण त्याआधी तुमच्या गुडघ्याचं पहिल्यापासून सांगावं लागेल. तुमचाच गुडघा तुम्हाला काय सांगायचा म्हणा, पण माझ्या बाजूनं तो तुम्ही कधी ऐकलेला नाही.

उदगीरच्या बसस्टँडवर एसटीतून उतरताना तुम्ही पडलात. शेवटच्या पायरीवर उभं राहून मागे वळून कंडक्टरशी बोलत होतात, असं दादा म्हणाला, आणि ते मला लगेच पटलं, कारण निम्मं आयुष्य तुम्ही मागे वळून कुणाशी तरी बोलण्यातच घालवलंत. गुडघ्याची वाटी फुटली. लातूरला ऑपरेशन करून तारेनं ती बांधली आणि पाय सहा आठवडे सरळ ठेवला. हाड जुळलं, पण सहा आठवडे सरळ राहिलेला गुडघा जुन्या गंजलेल्या बिजागरीसारखा होतो, तो रोज थोडाथोडा वाकवावा लागतो आणि ते दुखतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढचे दोन-तीन महिने महत्त्वाचे, त्यात जेवढा वाकला तेवढा वाकला. दादानं तुम्हाला जीपमध्ये घालून माझ्याकडे आणून सोडलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, अप्पा, तुम्हाला काय काय करता आलं पाहिजे? पेशंटला हे विचारायचं असतं, आमच्या शिकवण्यातच आहे ते. मला वाटलं तुम्ही म्हणाल, शेतापर्यंत चालता यावं. तुम्ही म्हणालात, "चालनं काय, म्हैस बी चालती. मला मांडी पायजे." मांडी कशाला, ते सांगायची गरज नव्हती. अंघोळ करून, विभूती लावून, जमिनीवर मांडी घालून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसलेले तुम्ही मी जन्मापासून पाहत आले होते. पाय सरळ होता तोवर तुम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, पाय स्टुलावर ठेवून पूजा करत होतात आणि पूजा झाल्यावर दरवेळी म्हणायचात, "हाटेलात बसल्यावानी वाटतं."

मला तेव्हा नांदेडला येऊन दोन वर्षं झाली होती. पुण्याचं घर आणि लग्न, दोन्ही सोडून आले तेव्हा एवढंच ठरवलं होतं की लातूरला राहायचं नाही. तिथे दर दोन दुकानांमागे आपल्या ओळखीचं माणूस, आणि प्रत्येकाला जावईबापू कधी येणार ते विचारायचं असतं. नांदेडला मला कोणी ओळखत नव्हतं आणि मला तेच हवं होतं. पुढे दवाखाना, मागे दोन खोल्या. उद्घाटनाला तुम्ही एकटेच आलात, बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. फळ्यावर वापरायचा शाळेतला मोठा लाकडी कोनमापक. सांधा किती वाकला ते आम्ही अंशांत मोजतो हे मी कधीतरी फोनवर बोलून गेले होते, ते तुम्ही लक्षात ठेवलंत आणि नवा आल्यावर शाळेनं टाकून दिलेला जुना तुम्ही पॉलिश करून आणलात. माणसाचा गुडघा त्यानं मोजता येत नाही हे मी सांगितलं नाही. तो अजून भिंतीवर आहे, पेशंट त्याच्याकडे बघून घाबरतात. त्या दिवशी तुम्ही पुण्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीत, नंतरही नाही. मला तेव्हा ते फार बरं वाटलं होतं. आता कधीकधी वाटतं, एकदा विचारायला हवं होतंत.

गुडघा घेऊन तुम्ही आलात आणि आठ दिवसांत माझा दवाखाना तुमची शाळा झाला. दाराजवळच्या खुर्चीत पाय लांब करून बसायचं आणि आलेल्या प्रत्येकाचा व्यायाम मोजायचा. कुणी दहा वेळा हात वर करायचा असेल तर तुम्ही तिकडून मोठ्यानं आकडे म्हणायचात. "पाच म्हणल्यावर पाच! साडेचारला हात खाली आला. पुन्यांदा!" लोक हसायचे आणि पुन्हा करायचे. माझ्या दवाखान्याला सगळे करंटचा दवाखाना म्हणतात, त्या मशीनच्या मुंग्या येतात म्हणून. तुम्ही त्यांना समजावायचात की करंट हे निमित्त हाय, खरं काम तुमचं तुम्हाला करायचं हाय. मी सांगून दमले होते ते तुमच्याकडून त्यांना पटायचं. संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले की तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून शेंगा फोडत बसायचात. सरळ पाय दारात आडवा. वडीलधाऱ्याचा पाय ओलांडायचा नाही, त्यामुळे मी परात घेऊन अलीकडे थांबायची आणि तुम्ही दोन्ही हातांनी स्वतःचा पाय उचलून बाजूला करायचात. "थांब, फाटक उघडतो. नांदेडची गाडी जाऊ दे आधी." मी भाकरी थापतेय, तुम्ही तुमच्या चौथीतल्या कुठल्यातरी पोराची गोष्ट सांगताय जो आता तहसीलमध्ये आहे, कढईत वांगं शिजतंय, आणि मला अजून आठवतंय की त्या दिवसांत मी स्वयंपाक करताना रेडिओ लावायचं विसरून गेले होते.

गुडघ्याचं काम सकाळी दवाखाना उघडायच्या आत. पंधरा मिनिटं शेक, मग मी तुमची पोटरी धरून गुडघा हळूहळू वाकवायची, जिथे अडेल तिथे थांबून अजून थोडा. शेवटी कोन मोजायचा आणि विचारायचं, दहापैकी किती? हे आम्ही प्रत्येक पेशंटला विचारतो. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे जीव जातोय असं दुखतं. पेशंटला आम्ही हे नीट समजावून सांगतो, भिंतीवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ताही आहे. तुम्हाला मी समजावलं नाही. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला, स्वतःच्या बापाला, शून्य म्हणजे काय आणि दहा म्हणजे काय हे काय सांगायचं? पहिल्या दिवशी फक्त विचारलं, "अप्पा, दहापैकी किती?" तुम्ही जरा विचार केलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पाच घे." मी पाच लिहिलं. गुडघा तीस अंश वाकत होता, मांडीला एकशेतीस तरी लागतात.

पुढच्या तीन आठवड्यांत तीसचा सत्तर झाला. एवढ्या लवकर एवढी सुधारणा मी फार कमी पेशंटमध्ये पाहिली आहे. पण कागदावरच्या दुसऱ्या रकान्यातले, दुखण्याचे आकडेही चढत होते. पाच, सहा, सहा, सात. आठ. मग एका सकाळी "नऊ घे." गुडघा सुधारतोय आणि दुखणं वाढतंय, हे बरोबर नव्हतं. मी घाबरले. एक्स-रे काढला, तार जागेवर होती, हाड व्यवस्थित होतं. म्हणजे दुखणं नसांचं असणार, मी फार जोर लावतेय, अशी मी माझी समजूत करून घेतली. दुसऱ्या कुणाचा गुडघा असता तर मी त्याच्याशी दहा मिनिटं बसून बोलले असते, कुठे दुखतं, कधी दुखतं, कसं दुखतं. तुमच्या बाबतीत माझे हातच सैल पडले. लहानपणापासून ज्या माणसाला मी कधी 'आई गं' म्हणताना ऐकलं नाही तो नऊ म्हणतोय, म्हणजे खरं किती असेल? मी गुडघा वाकवणं कमी केलं. आधी निम्मं, मग पाव, मग नुसता हात लावण्यापुरतं.

आणि त्या जागी बाकीचं सगळं सुरू केलं. गरम मेणाचा लेप, करंट, सुया टोचायचा जो एक कोर्स मी हौसेनं केला होता त्या सुया. अंगणातल्या निर्गुडीचा पाला उकळून त्याची वाफ, जी मी पेशंटना 'करा, पण त्यावर विसंबू नका' असं सांगत आले. तुमच्या म्हणण्याखातर आंबेहळद आणि तुरटीचा लेप, जो तुम्ही शाळेत मुरगळलेल्या प्रत्येक पोराला लावायचात. एका रविवारी कंधारला तेल चोळणाऱ्या एका म्हाताऱ्याकडेसुद्धा घेऊन गेले तुम्हाला, मी, डिग्रीवाली. त्यानं तास-दीडतास करडईचं तेल चोळलं आणि मला म्हणाला, "बाई, तेलानं कातडं मऊ व्हतंय. सांदा वाकवायचं काम तुमचं हाय, ते तुमी करा." येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुम्ही मात्र सगळं मुकाट्यानं करून घेत होतात. मेण लावलं तर मेण, सुया तर सुया. रोज सकाळी मी विचारायची, किती? आणि रोज नऊ. एका थंडीच्या सकाळी तुम्ही म्हणालात, "आज साडेआठ घे. हात गार हायेत तुझे." मी त्यातून काय अर्थ काढला असेल? गार लागल्यानं दुखणं अर्ध्या आकड्यानं उतरलं! त्या दिवसापासून मी तुमच्या गुडघ्याला बर्फ लावायला लागले. तुम्ही कुडकुडत बसायचात आणि आकडा अजून खाली यायचा, आठ, साडेसात, आणि मला वाटायचं, चला, काहीतरी लागू पडतंय.

एकदा मी तुमच्यावर ओरडले, ते तुम्हाला आठवत असेल. बर्फ बंद करून पुन्हा शेक सुरू केला होता, आकडा परत नऊवर गेला होता आणि कोन पंधरा दिवस बहात्तरवर अडला होता. दवाखान्यात दोन पेशंट लवकर येऊन बसलेले असताना मी मोठ्या आवाजात बोलले. "अप्पा, रोज उठून नऊ काय नऊ? तुम्ही मनावरच घेत नाही. असं नऊ-नऊ करत बसलात तर कसं व्हायचं? थोडं कमी करा की आता!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पेशंटकडे बघितलंत. मग हळूच म्हणालात, "बरं माय. आठ घे मग." घासाघीस केल्यासारखं. मला रडूच कोसळलं आत जाऊन. मला वाटलं, मी ओरडले म्हणून हा माणूस आता दुखणंसुद्धा लपवायला लागला. दुसऱ्या दिवसापासून मी गुडघ्याला हात लावणंही सोडलं, फक्त शेकाची पिशवी ठेवायची आणि शेजारी बसायचं.

तीन महिन्यांनी लातूरला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला, कागद बघितला, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, आता आत सगळं चिकटलंय, गुंगी देऊन एकदा जोरात वाकवून बघता येईल, खात्री नाही. तुम्ही लगेच म्हणालात, "राहू द्या आता. झालं तेवढं लई झालं." मी आग्रह केला नाही. त्यानंतर अजून चार महिने तुम्ही माझ्याकडे राहिलात, मग गावाकडे गेलात, आणि पुढची चार वर्षं, शेवटच्या दिवसापर्यंत, खुर्चीवर बसून पूजा केलीत. वहिनी सांगायची, लग्नाकार्यात पंगत बसली की अप्पा कुठेतरी बाजूला बाकावर बसतात, ताट मांडीवर घेऊन. तुम्ही गेलात त्या दिवशी, पुरण्याआधी, तुम्हाला आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे मांडी घालून बसवलं, तेव्हा उजवा पाय बसेना. जंगमांनी आणि दादानं मिळून तो कसाबसा दुमडला. मी समोर उभी होते. तिथे जमलेल्या सगळ्यांत गुडघा कसा वाकवायचा याचं शिक्षण घेतलेली मी एकटी होते आणि मी पुढे झाले नाही.

आता मंगळवारचं. विष्णुपुरीकडची एक आजी येते माझ्याकडे, मनगटाचं हाड मोडलेलं, प्लास्टर काढल्यावर हात आखडलाय. सून रिक्षानं आणून सोडते आणि बाजार करून येते. तिसरा आठवडा चालू आहे. मनगट फिरवून झालं आणि मी नेहमीसारखं विचारलं, "आजी, आज दहापैकी किती?"

"काल सात दिल्ते न्हवं? आज आठ घे."

"वाढलं का मग दुखणं?"

"दुखनं कशाला वाढंल? कालच्यापरीस लई हलकं हाय. आठ तुला दिले. मन लावून करून राहिलीस म्हनून."

मी म्हटलं, आजी, मी दुखण्याचं विचारते आहे, दुखणं दहापैकी किती. तिनं तोच मोडलेला हात स्वतःच्या कपाळाला लावला, म्हणजे मनगट चांगलंच सुधारलंय, आणि खो-खो हसली. "येडी का खुळी गं तू? दुखन्याला कुनी मार्क देतंय का?" पहिल्या दिवशी मी सगळं नीट समजावून सांगितलं होतं, पण ते तिच्या सुनेला. आजी तीन आठवडे मला मार्क देत होती आणि मी ते तिच्या दुखण्याच्या नावावर मांडत होते.

मी तिला बसवून आत गेले. तुमच्या आकड्यांचा कागद मी ठेवलाय, कपाटात साड्यांच्या खाली. तो काढून उभ्याउभ्याच वाचला. पाच, सहा, सहा, सात, आठ, नऊ. तुम्ही एकदाही 'नऊ दुखतंय' म्हणाला नव्हतात. दरवेळी 'घे'. नऊ घे. मी ते 'लिहून घे' असं ऐकलं. वर्गात वह्या परत देताना तुम्ही तसंच म्हणायचात, सात घे, पाच घे, तू उभा ऱ्हा. चौथीत तुमच्याच वर्गात वर्षभर बसून मी ते रोज ऐकलं होतं आणि तरी मला कळलं नाही. शुद्धलेखनात तुम्ही मला सातच्या वर कधी जाऊ दिलं नाही, गुरुजींची पोरगी म्हणून उलट अर्धा मार्क जास्तच कापायचात. आणि ती पोरगी पस्तिशीला आल्यावर, नवऱ्याचं घर सोडून आल्यावर, तुम्ही तिला रोज सकाळी नऊ देत होतात. गार हातांचा अर्धा कापलात. मी सगळ्यांसमोर 'कमी करा' म्हणाले तेव्हा एक कापलात, तेही मी मागितला म्हणून. मला इतकं हसू आलं, अप्पा, आणि मग इतकं वाईट वाटलं की आजीला दहा मिनिटं तशीच बसवून ठेवली. तीन आठवड्यांनी गुडघा सत्तरवर होता. मी होता तसाच जोर लावत राहिले असते तर तुम्हाला मांडी मिळाली असती. शंभर टक्के सांगत नाही, पण मिळाली असती.

कुणाला सांगू हे? दादाला सांगितलं तर तो म्हणेल, जाऊ दे, झालं गेलं. मैत्रिणी आहेत त्या पुण्यात, त्यांना तुम्ही माहीत नाही. इथे दिवसाला पंचवीस-तीस माणसं माझ्या हाताखालून जातात, कुणाची मान, कुणाची कंबर, कुणाची टाच. घरची भांडणं, सुनांची गाऱ्हाणी, सगळं टेबलावर पालथं पडून मला सांगतात. संध्याकाळी शटर ओढलं की माझ्या अंगाला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माणसाचा हात लागत नाही, आणि हे असं आता पंधरा वर्षं चालू आहे. गेल्या दिवाळीपासून माझा डावा खांदा धरलाय. केस विंचरायला हात मागे जात नाही, ब्लाउजचा हूक लागत नाही, म्हणून पुढून बटणाचे शिवून घेतले. याला काय करायचं ते मी रोज लोकांना शिकवते. दाराला दोरी अडकवून माझा मीच खांदा ओढते आणि जिथे दुखायला लागतं तिथे थांबते, कारण त्यापुढे दुसऱ्याच कुणीतरी ओढावं लागतं. परवा दोरी ओढताना मी मोठ्यानं आकडे म्हणत होते आणि साडेचारला हात खाली आला, तर कुणी ओरडलं नाही. तुमची फार आठवण आली. एवढ्या वर्षांनी एवढी यायला नको, पण आली.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. पाणी प्यायले, कागदाची घडीही घातली. मग वाटलं, हे असंच ठेवलं तर ती एक गमतीची चूक होऊन बसेल. शिक्षक बाप, मार्काचा घोळ, बिचारी पोरगी. ऐकणारा हळहळेल आणि मला माफ करून टाकेल. पण ते तसं नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, तुम्ही लाल शाईनं ते तपासणार नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय.

लातूरला दाखवायला जायच्या पंधरा दिवस आधीची सकाळ आहे. तुमच्या गुडघ्यावर शेकाची पिशवी आहे, मी शेजारी बसले आहे. नुसता शेक, अप्पा. गरम शेकाला कुणाला नऊ दुखत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळतं. मी विचारलं, किती? तुम्ही माझ्याकडे बघून तोंडभर हसलात आणि म्हणालात, "नऊ घे." बारा वर्षं मी हेच काम करत होते. नऊ दुखणारा माणूस कसा असतो ते मला माहीत आहे. तो श्वास धरतो, चादर मुठीत आवळतो, तो हसत नाही. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं विचारायचं, अप्पा, नऊ म्हणजे काय? तेवढं विचारलं असतं तर त्याच दिवशी उलगडलं असतं, आणि तेव्हा अजून वेळ होता. पण आदल्याच संध्याकाळी दादाचा फोन आला होता, गुडघा मोकळा झाला की सांग, जीप घेऊन येतो आणि अप्पांना घेऊन जातो म्हणून. तुम्ही गेल्यावर त्या मागच्या दोन खोल्या परत कशा होतील ते मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. तुमचा गुडघा वाकत नव्हता तोवर तुम्ही माझे होतात. मी कागदावर नऊ लिहिलं आणि तुम्हाला विचारलं, आज जेवायला काय करू.